जरब की जवळीक? सहावीच्या वर्गशिक्षिकेच्या पत्राला उत्तर

पत्र (संक्षिप्त): मी पुण्याच्या एका उपनगरातील अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीची वर्गशिक्षिका आहे आणि गणित व विज्ञान शिकवते. नोकरीचे हे दुसरे वर्ष. वर्गात चोपन्न मुले आहेत. जूनमध्ये मी मुलांशी मोकळेपणाने वागले, तर गोंगाट इतका वाढला की मुख्याध्यापिकाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि ‘वर्गात जरब हवी’ असे सांगून गेल्या. दिवाळीनंतर मी कडक झाले. बोलणाऱ्यांना वर्गाबाहेर उभे केले, एकेक वाक्य शंभर वेळा लिहायला लावले. आता वर्ग शांत असतो. पण प्रश्न विचारला की तीच पाच-सहा मुले हात वर करतात आणि बाकीची मान खाली घालतात. बीडकडून आलेला एक मुलगा तर तोंडच उघडत नाही, कारण तो बोलला की मुले हसतात. घटकचाचणीच्या दिवशी तो शाळेतच येत नाही. पालकांची गाठ पडते ती फक्त तक्रारीच्या वेळी. मी प्रेमळ राहू की कडक?
एक शिक्षिका, पुणे

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्या अडचणींची गाठ तिथेच आहे. प्रेमळ की कडक असे विचारताना आपण धरून चालतो की वर्ग शिक्षिकेच्या स्वभावावर चालतो. मला तसे वाटत नाही. जूनमध्ये तुमचा वर्ग विस्कटला तो तुमच्या मायेमुळे नव्हे, आणि दिवाळीनंतर तो गप्प बसला म्हणून सुधारला असेही म्हणता येणार नाही. दोन्ही वेळा मुलांना दोन गोष्टी ठाऊक नव्हत्या: या तासाला आपण नेमके काय करायचे आहे, आणि आपले उत्तर चुकले तर आपले काय होणार आहे. या दोन गोष्टी मुलांना रोज, न सांगता कळू लागल्या की आवाज चढवण्याची गरज बरीच कमी होते आणि मुलांचा विश्वासही त्याच कामातून बसत जातो. त्यासाठी शिकवणे बाजूला ठेवून वेगळे प्रेम दाखवावे लागत नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी अनेक वर्गांचे निरीक्षण करून १९७० साली मांडलेला निष्कर्ष इथे उपयोगी आहे. शिस्तीचे वर्ग आणि बेशिस्त वर्ग यांतले शिक्षक गडबड झाल्यावर कसे रागावतात यात त्यांना फारसा फरक दिसला नाही. फरक होता तो गडबड सुरू होण्याच्या आधी. चांगल्या चाललेल्या वर्गातील शिक्षकाचे लक्ष एका मुलाशी बोलतानाही साऱ्या वर्गावर असे, एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाताना तो वेळ रेंगाळू देत नसे, आणि बहुतेक मुलांच्या हाताला सतत काही काम असे. तुमच्या जूनच्या तासांकडे या नजरेने पाहा. तुम्ही वर्गात आलात, हजेरी घेतलीत, फळा पुसलात, खडू शोधलात, मग पुस्तक उघडायला सांगितलेत. या साऱ्या वेळात चोपन्न मुलांना करण्यासारखे काय होते? बोलणे, इतकेच. म्हणून पहिला बदल अगदी साधा सुचवते. तुम्ही वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी फळ्यावर तीन उदाहरणे लिहिलेली असू द्या: एक कालच्या भागावरचे, एक मागच्या आठवड्यातले, एक मागच्या महिन्यातले. मधल्या सुट्टीत किंवा आधीचा तास संपताना वर्गप्रमुख ती उतरवून ठेवू शकेल. मुले आल्याबरोबर वही काढून ती सोडवू लागतील आणि तेवढ्यात तुमची हजेरी होईल. शिकलेले पुस्तक मिटून आठवायला लावले की ते अधिक टिकते, हे स्मरणावरील संशोधनात वारंवार दिसून आले आहे, त्यामुळे ही मिनिटे वाया गेली असे कोणी म्हणू शकणार नाही. पहिल्या आठवड्यात मुले रेंगाळतील. दुसऱ्या आठवड्यापर्यंत बरीचशी सवयीने वही उघडतील.

शिक्षेबद्दल थोडक्यात आणि स्पष्ट लिहिते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. मुलाला वर्गाबाहेर उभे करून सगळ्यांदेखत कमीपणा आणणे त्या कलमाच्या हेतूशी जुळत नाही, आणि ज्याला गणित आधीच जड जाते तोच मुलगा तासभर गणिताला मुकतो हा तोटा वेगळा. एकच वाक्य शंभर वेळा लिहिल्याने लिहिणे ही शिक्षा आहे एवढेच मूल शिकते. या दोन्ही गोष्टी आजपासून बंद करा. मात्र त्या गुपचूप बंद केल्यात तर बाई नरमल्या असा मुलांचा समज होईल, तेव्हा वर्गाला सरळ सांगा: “गेले काही महिने मी कुणाला बाहेर उभे करत होते. त्याने आपले गणित पुढे गेले नाही, म्हणून मी ते थांबवते आहे. पण वर्गात तीन नियम राहतील आणि ते सगळ्यांनी पाळायचे, मी सुद्धा.” नियम मुलांशी बोलून ठरवा, एक मात्र तुमच्याकडून घाला, की कुणाच्याही उत्तराला कुणीही हसायचे नाही. नियम मोडणाऱ्याशी तास संपल्यावर एकट्याने बोला. काय झाले, त्याचा त्रास कुणाला झाला आणि आता तू काय करशील, एवढे तीन प्रश्न शांतपणे विचारणे आणि तो जे कबूल करेल ते दुसऱ्या दिवशी खरोखर झाले का हे पाहणे, याला मी खरी जरब म्हणेन.

चोपन्न या आकड्याचाही उल्लेख करायला हवा. उच्च प्राथमिक वर्गांसाठी दर पस्तीस मुलांमागे किमान एक शिक्षक असावा, असे याच कायद्याचे परिशिष्ट सांगते. तुमची दमणूक ही तुमची उणीव नाही. मुख्याध्यापिकांकडे याबद्दल लेखी विनंती जरूर द्या, पण तुकडी विभागली जाईपर्यंत मुलांना थांबवून ठेवता येणार नाही, म्हणून पुढचे सारे चोपन्न मुले धरूनच लिहिते.

आता त्या पाच-सहा हातांविषयी. मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक होत्या. १९७०च्या दशकात त्यांनी वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा असे आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा उत्तर स्वतः देऊन टाकतात. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला, तेव्हा उत्तरे लांब झाली, ‘माहीत नाही’ म्हणणे कमी झाले आणि एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागली. तीन सेकंद कागदावर किरकोळ वाटतात, पण फळ्यापाशी उभे राहून ते मोजताना किती जड जातात हे तुम्हाला पहिल्याच तासाला जाणवेल. मनातल्या मनात एक, दोन, तीन म्हणा आणि वर आलेल्या पहिल्या हाताकडे बघूच नका.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे हात वर करायला लावणेच कमी करणे. प्रश्न विचारा, बाकावरच्या शेजाऱ्याशी अर्धा मिनिट बोलायला सांगा आणि मग प्रत्येकाने उत्तर कच्च्या वहीच्या पानावर ठळक लिहून एकाच वेळी वर धरायचे असे ठेवा. शाळेच्या कपाटात जुन्या पाट्या पडून असतील तर फारच उत्तम. सहावीच्या मुलांना सुरुवातीला त्या लहान मुलांच्या वाटतील, पण पुसून पुन्हा लिहिता येते म्हणून चुकायची भीती कमी होते. एका दृष्टिक्षेपात चोपन्न उत्तरे तुमच्या समोर येतात, आणि कोणाचे कुठे अडले हे घटकचाचणीपर्यंत थांबून कळण्याऐवजी त्याच मिनिटाला कळते. आकारिक मूल्यमापन, म्हणजे मूल शिकत असतानाच त्याला काय समजले ते पाहणे. आपण त्याचे तक्ते वर्षाच्या शेवटी भरत बसतो. त्या मूल्यमापनाचा खरा जीव या मिनिटात असतो.

चुकीच्या उत्तराचे काय करायचे, हा मला या साऱ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो, म्हणून एक उदाहरण सविस्तर देते. सहावीला दशांश अपूर्णांक आहेत. तुम्ही विचारलेत: ०.५ मोठे की ०.४५? पाट्या वर आल्या आणि निम्म्या पाट्यांवर ०.४५ दिसले. इथे बहुतेक वेळा आपण ‘चूक’ म्हणतो, बरोबर उत्तर देणाऱ्या मुलीला उभे करतो, तिच्याकडून नियम म्हणून घेतो आणि पुढे जातो. निम्म्या वर्गाच्या डोक्यातली समजूत मात्र जागच्या जागी राहते. त्या समजुतीला कारण आहे. मूल पहिलीपासून पूर्ण संख्या शिकले आहे, पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे हे त्याला पक्के ठाऊक आहे आणि तेच ज्ञान त्याने इथे वापरले आहे. म्हणून बरोबर-चूक काहीच न बोलता म्हणा, “दोन्ही उत्तरे आली आहेत. ०.४५ लिहिणाऱ्यांपैकी कुणीतरी आपला विचार सांगा.” एखादा सांगेल, “पंचेचाळीस मोठे ना, बाई.” तुम्ही फळ्यावर तसेच लिहा आणि “हा विचार पुष्कळांचा आहे, आपण तो तपासू,” असे म्हणून मोजमापाची टेप काढा. ०.५ मीटर कुठे येते? पन्नास सेंटिमीटरवर. ०.४५ मीटर? पंचेचाळीसवर. दोन मुलांना टेप धरायला लावा आणि तिसऱ्याला खडूने खुणा करू द्या. मग ज्याने आधी ०.४५ म्हटले त्यालाच विचारा की आता काय वाटते आणि आधी कशामुळे तसे वाटले. या साऱ्याला सात-आठ मिनिटे जातील. पण तेवढ्या वेळात सगळ्या वर्गाने पाहिलेले असेल की चुकीचे उत्तर देणाऱ्याचा विचार बाईंनी फळ्यावर लिहिला, तो खोडून टाकला नाही आणि त्याच मुलाने तो स्वतः दुरुस्त केला. पुढच्या प्रश्नाला पाटी वर धरायचे धैर्य मुलांना अशा प्रसंगातून येते. ‘घाबरू नका, बोला’ असे कितीही वेळा सांगून ते येत नाही.

बीडकडून आलेल्या मुलाबद्दल लिहिताना मला पुण्याबद्दलही लिहावे लागेल. आपल्या शहरात मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूरकडून कामासाठी येणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांची मुले आपापली मराठी बरोबर घेऊन येतात. ‘कव्हा’ म्हणणारे मूल चुकीची मराठी बोलत नसते. ते आपल्या आईची मराठी बोलत असते. पुस्तकाची भाषा त्याला यायला हवी आणि ती येईलही, पण गणिताच्या तासाला ते उत्तर देत असताना शब्द दुरुस्त करण्याची वेळ नव्हे. त्याने उत्तर दिले की त्यातील गणिताकडे बोट दाखवा: “तू छेद आधी समान केलास, बरोबर केलेस.” शब्द तुम्ही तुमच्या बोलण्यात प्रमाण रूपात वापरालच, ते त्याच्या कानावर पडत राहतील. हसणाऱ्या मुलांशी नियमाप्रमाणे बोला. मात्र या मुलाला उभे करून ‘याच्या भाषेला कुणी हसू नका’ असे भाषण कृपया करू नका, कारण त्याने तो आणखी एकटा पडेल. ज्योतिबा आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली याच पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. ज्या मुलीला वर्गात बसू देणेही अनेकांना मान्य नव्हते, तिचे बोलणे तिच्या शाळेने ऐकण्यासारखे मानले. पुण्यातल्या शिक्षकांकडे हा वारसा आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

त्याच्याशी ओळख कशी वाढवायची? सलग दहा दिवस, रोज दोन मिनिटे त्याच्याशी अभ्यास सोडून बोला. प्रार्थनेला जाताना, पोषण आहाराच्या रांगेत, शाळा सुटताना, कुठेही. गावाकडे कोण असते, इथे कुठे राहता, घरी येणाऱ्या जाणाऱ्यांत कोण आवडते. उत्तरे सुरुवातीला एका शब्दाची येतील. चौकशी केल्यासारखे न विचारता त्यावर थांबा आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचे लक्षात असल्याचे दिसू द्या. वडील बांधकामावर असतील तर टेप, लेव्हल, ब्रास ही सगळी मोजमापे त्याच्या कानावरून गेलेली असतील, आणि दशांशाच्या तासाला टेप धरायला त्याला बोलावता येईल. पण हे आधी त्याला एकट्याला विचारून, त्याची तयारी असेल तरच.

घटकचाचणीला न येणे ही बहुधा आळसाची गोष्ट नसते. शक्यता अशी आहे की त्याचे तिसरी-चौथीचे काही कच्चे राहिले आहे, भागाकार किंवा हातच्याची वजाबाकी, आणि कोरा पेपर देण्यापेक्षा न येणे त्याला बरे वाटते. एखाद्या ऑफ तासाला त्याला शेजारी बसवून तोंडी चार-पाच उदाहरणे करून घ्या आणि नेमके कुठे अडते ते शोधा. इयत्ता बाजूला ठेवून मूल जिथे आहे तिथून सुरुवात करण्याची पद्धत आपल्या देशात ‘प्रथम’ या संस्थेने अनेक राज्यांत राबवली आहे आणि तिचे चांगले परिणाम अभ्यासांतून पुढे आले आहेत. तुमच्या वर्गात असा तो एकटा नसणार. पाटीवरची उत्तरे पाहून अशी आठ-दहा मुले सापडतील. त्यांच्यासाठी आठवड्यातून दोनदा वीस मिनिटांचा गट बसवा, त्या वेळी बाकीच्यांना सराव द्या. पुढच्या चाचणीच्या आदल्या दिवशी या मुलाला सांगा, “उद्या पहिली तीन उदाहरणे आपण केलेल्या प्रकारातलीच आहेत. तेवढी सोडव आणि बाकीचे प्रयत्न म्हणून कर.” आणि ती तशी खरोखर असू द्या. गैरहजेरीमागे घरातला त्रास किंवा कामाला लावणे असे काही असल्याची शंका आली तर एकट्याने ओझे वाहू नका. मुख्याध्यापिकांना लगेच सांगा. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा विनामूल्य क्रमांकही आहे.

वह्या तपासण्याविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, पण चोपन्न वह्यांवर रोज सही करणाऱ्या शिक्षिकेला मुलांशी बोलायला वेळ उरणार नाही, म्हणून सुचवते. इस्रायलमधील सहावीच्या वयाच्या मुलांवर रूथ बटलर यांनी केलेल्या आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा आणि काहींना दोन्ही. सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्या मुलांत. गुण जोडले की शेऱ्याचा उपयोग जवळजवळ संपला. तेव्हा रोज एका रांगेच्याच वह्या घ्या आणि प्रत्येक वहीत एक कामाचे वाक्य लिहा: ‘तिसऱ्या पायरीत चिन्ह पाहा आणि पुन्हा सोडव.’ ‘छान’ किंवा ‘अक्षर सुधारा’ यापेक्षा असे वाक्य मुलाला आपल्याकडे नीट पाहिले गेल्याची खात्री देते.

पालकांचे म्हणाल तर पहिला फोन तक्रारीचा नसावा, एवढे पाळले तरी बरेच साधेल. दर आठवड्याला पाच घरी एक मिनिटाचा फोन करा आणि त्यांच्या मुलाने त्या आठवड्यात केलेली एक खरी, नेमकी चांगली गोष्ट सांगा. “तुमच्या मुलीने आज शेजारणीला लसावि समजावून दिला” असे ऐकलेले घर पुढे अडचण सांगितली तरी भांडायला येत नाही. वेळ संध्याकाळी सातनंतरची ठेवा. सकाळी अकराच्या पालकसभेला यायचे तर धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या आईला आणि रोजंदारीवरच्या वडिलांना खाडा पडतो. ते आले नाहीत म्हणजे त्यांना मुलाची फिकीर नाही असा अर्थ आपण फार घाईने काढतो.

राहता राहिल्या मुख्याध्यापिकाबाई. जोडीत बोलण्याचे काम सुरू झाले की वर्गातून आवाज येणारच, आणि तो दारापर्यंत ऐकू जाण्याच्या आधी तुम्हीच टाचण (तासाचा लेखी आराखडा) घेऊन त्यांच्याकडे जा. कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला, किती मिनिटे मुले बोलणार आहेत आणि ती कोणत्या खुणेने थांबतील हे त्यांना दाखवा आणि तोच तास पाहायला बोलवा. थांबण्याची खूण आधी मुलांकडून चार-पाच वेळा घटवून घ्या. हात वर केला की पाच सेकंदांत शांतता, एवढे त्यांना दिसले की जरबेची त्यांची काळजी बरीचशी मिटेल.

हे सारे एकदम सुरू करू नका. येत्या सोमवारपासून फळ्यावरची तीन उदाहरणे आणि प्रश्नानंतरचे तीन सेकंद एवढेच घ्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात पाट्या आणि हसण्याविषयीचा नियम. वह्या आणि फोन त्यानंतर. त्या मुलाशी दोन मिनिटे बोलणे मात्र सोमवारीच सुरू करा. दोन आठवड्यांनी एखाद्या मैत्रिणीला, जिचा तो तास ऑफ असेल, मागच्या बाकावर बसवा आणि हजेरीपटाच्या एका प्रतीवर कोण किती वेळा बोलले याच्या फक्त रेघा मारायला सांगा. बोललेल्या मुलांची संख्या पाच-सहावरून पंधरा-वीसवर गेली असेल तर याच वाटेने पुढे चला. गेली नसेल तर तो कागद आणि त्या तासाचे टाचण मला पाठवा, आपण दोन्ही मिळून पाहू.